हृदय, साखर आणि महिन्याचा किराणा: नागपुरी घरासाठी आहाराचे मार्गदर्शन

डॉक्टरांनी ‘खाण्याकडे लक्ष द्या’ असे सांगितले की पुष्कळ घरांत दुसऱ्याच दिवशी एका माणसाचे ताट वेगळे पडते. त्याच्यासाठी फिकी भाजी आणि कोरडी पोळी, बाकीच्यांसाठी नेहमीचे जेवण, अशी ही व्यवस्था असते आणि ती फार तर महालक्ष्म्यांपर्यंत किंवा नात्यातल्या पुढच्या लग्नापर्यंत टिकते. ती मोडते यात त्या माणसाच्या निग्रहाचा दोष कमी आणि व्यवस्थेचा जास्त असतो, कारण तेल, मीठ आणि साखर यांचे प्रमाण ताट वाढताना ठरत नाही. महिन्याच्या सुरुवातीला इतवारीतून किंवा गल्लीतल्या दुकानातून किराणा भरतानाच ते ठरून गेलेले असते. म्हणून हृदयाच्या आणि चयापचयाच्या आरोग्यासाठी आहार बदलायचा असेल, तर सुरुवात किराण्याच्या यादीपासून करावी आणि ती सगळ्या घरासाठी करावी.

सगळ्या घरासाठी का, हे आकड्यांवरून कळते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार वीस वर्षांवरील ११.४ टक्के लोकांना मधुमेह, १५.३ टक्के लोकांना मधुमेहपूर्व अवस्था आणि ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब होता, ३९.५ टक्के लोकांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर होता. चार माणसांच्या घरात यांपैकी काही ना काही कुणाला तरी असणार, आणि ज्याला आहे त्याला ते ठाऊक असेलच असे नाही.

आधी मोजमाप

यादीला हात घालण्यापूर्वी पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात: कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातील स्निग्धाचा एक प्रकार) आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल. कमरेचा घेर म्हणजे पँटचा नंबर नव्हे. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मध्यावर शिंप्याची फीत आडवी धरून, श्वास सहज सोडल्यावर तो मोजायचा असतो. भारतीय पुरुषांत तो ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असावा. रक्तदाब १३०/८५ किंवा त्याहून अधिक, उपाशीपोटीची साखर १०० किंवा अधिक, ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक आणि एचडीएल पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० पेक्षा कमी, या उरलेल्या चार खुणा. पाचांपैकी कोणत्याही तीन आढळल्या की वैद्यक त्याला चयापचय विकारांचा समूह मानते, आणि अशा माणसाला मधुमेह व हृदयविकार या दोहोंचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल या पाचांत नाही, तरी हृदयाच्या दृष्टीने ते महत्त्वाचेच असल्याने त्याच तपासणीत पाहून घ्यावे.

‘मी तर बारीकच आहे’ या समजुतीवर विसंबू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय सडपातळ आणि चरबी पोटात, यकृताभोवती, हा आपल्याकडचा नेहमीचा नमुना आहे, आणि वजनकाट्यावर तो दिसत नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकाने रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते.

यादीवर काय आणि किती

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या शाकाहारी प्रौढासाठी त्यांत धान्य २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, तेलबिया व सुकामेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप मिळून २७ ग्रॅम असे प्रमाण दिले आहे. दिवसाचे ग्रॅम कुणी मोजत बसत नाही. महिन्याचे किलो मात्र प्रत्येक घर मोजते. चार मोठ्या माणसांच्या घराचा हिशेब केला तर महिन्याला सुमारे ३० किलो धान्य, १० किलो डाळी व कडधान्ये, साडेतीन लिटर तेल (तूप त्यातच धरून) आणि चार किलोच्या आसपास शेंगदाणे, तीळ, जवस वगैरे, असे आकडे येतात. जागतिक आरोग्य संघटनेची मिठाची मर्यादा माणशी रोज ५ ग्रॅमपेक्षा कमी आहे, म्हणजे चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम पुरायला हवे. साखरेसाठी याच संघटनेने सुचवलेली अधिक कडक मर्यादा धरली तर दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे चौघांना महिन्याला ३ किलो. आणि यात गूळ, मध, बिस्किटे, शीतपेये आणि मिठाई यांतली साखरही आली. घरात लहान मुले किंवा वृद्ध असतील तर हे सगळे आकडे खाली येतील, अंगमेहनतीचे काम करणारे असतील तर धान्य वाढेल.

आता मागच्या दोन-तीन महिन्यांची किराण्याची बिले काढून हे आकडे त्यांच्याशेजारी मांडावेत. बहुतेक घरांत चित्र सारखेच निघेल: धान्य जेमतेम जुळेल किंवा जास्त भरेल, तेल आणि साखर बरीच जास्त निघेल, आणि डाळी निम्म्यावरही पोचणार नाहीत. यादीतील दुरुस्ती या क्रमानेच करावी, पण एका महिन्यात नव्हे. तेलाची एक पिशवी या महिन्यात कमी करावी आणि तितक्या पैशांची मूगडाळ, हरभरा, मोट, चवळी, मसूर यांत भर टाकावी. पुढच्या महिन्यात पुन्हा तसेच. जीभ मिठाच्या आणि तिखटाच्या कमी-अधिक प्रमाणाला काही आठवड्यांत सरावते, एका दिवसात नाही.

तेल, आणि तेलावर घातले जाणारे चुकीचे खापर

तेलाचा आणि हृदयाचा संबंध दोन वाटांनी जातो. तूप, लोणी, मलई, पामतेल आणि मटणाची चरबी यांतील संपृक्त स्निग्ध पदार्थ रक्तातील एलडीएल वाढवतात, कारण त्यांच्यामुळे यकृताची एलडीएल रक्तातून उचलण्याची क्षमता घटते. वनस्पती तुपातील ट्रान्स फॅट त्याहून वाईट, ते एलडीएल वाढवून एचडीएल कमीही करते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे. दुसरी वाट साधी आहे: कोणतेही तेल चमच्याला ४० च्या वर कॅलरी देते, आणि जास्तीच्या कॅलरी शेवटी पोटावर जातात. म्हणून घरात सोयाबीन, शेंगदाणा, करडई, मोहरी यांपैकी आलटून पालटून वापरावे आणि तूप चमच्याने वाढावे, धारेने नव्हे. पुरणपोळीवरील धारेची मला पूर्ण कल्पना आहे. ती वर्षातून मोजक्या वेळा असली तर तिच्याबद्दल वाद घालण्याची गरज नाही.

जवस ही मात्र विदर्भाची जमेची बाजू आहे. तिच्या तेलातील निम्म्याहून अधिक भाग अल्फा लिनोलेनिक या ओमेगा-३ गटातील आम्लाचा असतो आणि बियांत विद्राव्य (पाण्यात विरघळणारे) तंतूही भरपूर असतात. हे तेल तापल्यावर लवकर बिघडते, म्हणून फोडणीपेक्षा चटणी बरी. जवस मंद भाजून, लसूण आणि तिखटासह कुटून ठेवलेली चटणी भाकरीबरोबर रोज चमचाभर खावी. अख्खे जवस चावले न जाता तसेच बाहेर पडतात, त्यामुळे कुटणे आवश्यक आहे. चटणीत मीठ बेताचे असावे, हे सांगायला नको.

तेलावर जे खापर फुटते त्यातले बरेचसे खरे तर धान्याचे आणि साखरेचे असते. अहवालात ट्रायग्लिसराइड २५० आले की घरातली फोडणी बंद होते, पण तीन वाट्या भात, सहा पोळ्या आणि चार कप गोड चहा तसेच चालू राहतात, आणि पुढच्या अहवालात आकडा हलत नाही. गरजेपेक्षा जास्त पिष्टमय पदार्थ पोटात गेले की यकृत त्या साखरेचे स्निग्धात रूपांतर करते. त्यातील काही यकृतातच साठून फॅटी लिव्हर होते आणि उरलेले ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात सोडले जाते. दारूचाही परिणाम असाच होतो. ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी, ही जोडी दिसली की पहिला प्रश्न भाताचा, पोळीचा, साखरेचा आणि दारूचा विचारावा.

याच इंडियाब पाहणीतील आहारविषयक निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते आपल्या भाकरीच्या अभिमानाला जरा टोचणारे आहेत. भारतीयांच्या रोजच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात. आणि एकूण पिष्ट कमी न करता पांढऱ्या तांदळाच्या जागी नुसती गव्हाची किंवा भरडधान्याची पोळी आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. धोका कमी दिसला तो पिष्टाचा काही भाग डाळी, शेंगा, दूध-दही यांतील प्रथिनांनी बदलला तिथे. म्हणजे ज्वारीची भाकर चांगलीच, तंतू आणि पोटभरीच्या दृष्टीने ती मैद्याच्या रोटीपेक्षा केव्हाही सरस. पण तीन पोळ्यांच्या जागी तीन भाकरी खाऊन काही साधत नाही. तिसऱ्या भाकरीच्या जागी वाटीभर उसळ आली पाहिजे.

मीठ

मीठ रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि दाब चढतो. भाज्या, फळे, डाळी यांतील पोटॅशियम याच्या उलट काम करते. स्वयंपाकात मीठ कमी केल्यावर उरते ते पापड, लोणचे, चिवडा, शेव, कुरड्या आणि बेकरीच्या पदार्थांतले. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो आणि त्यातही सोडियमच असते. सैंधव किंवा काळे मीठ हा पर्याय नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. पोटॅशियमयुक्त कमी सोडियमच्या मिठाचा उपयोग होतो: चीनमधील खेड्यांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ वापरू नये, कारण रक्तात पोटॅशियम साचल्यास हृदयाचे ठोके बिघडतात.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की ‘घामावाटे मीठ जाते’ म्हणून मठ्ठ्यात मुठीने मीठ पडते. घरात किंवा कार्यालयात बसून काम करणाऱ्याची गरज पाणी आणि बेताच्या मिठाचे ताक एवढीच असते. उन्हात राबणाऱ्याची गोष्ट वेगळी. आणि लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्याने उन्हाळ्यापूर्वीच मात्रेबद्दल विचारून ठेवावे.

ताट कसे लावावे

ताटाचा निम्मा भाग शिजवलेल्या भाज्या आणि कोशिंबीर यांनी भरावा, पाव भाग डाळ, उसळ, झुणका, अंडी किंवा मासे यांनी आणि उरलेल्या पावात पोळी, भाकर किंवा भात, यांपैकी एकच. बटाटा, रताळे यांची गणना भाजीत न करता धान्यात करावी. वैदर्भीय स्वयंपाकात यासाठी आयते पदार्थ पडलेले आहेत. पंगतीतली डाळभाजी, म्हणजे तूरडाळ, पालक आणि शेंगदाणे, हिच्याइतके संतुलित पक्वान्न शोधून सापडायचे नाही. तिच्यावर वरून ओतलेली लाल फोडणी निम्मी केली की झाले. हिवाळ्यात ओल्या तुरीचे सोले, मेथी, वांग्याचे भरीत. पावसाळ्यात अंबाडी आणि तरोट्याची कोवळी भाजी. सोलेभातात तांदूळ आणि सोले समसमान घ्यावेत. डाळी आणि पालेभाज्या यांतील विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतात, मग नवे पित्त बनवण्यासाठी यकृत रक्तातलेच कोलेस्टेरॉल वापरते. एलडीएल थोडे का होईना उतरते ते या वाटेने.

क्रमालाही महत्त्व आहे. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग डाळ किंवा उसळ आणि शेवटी भात-पोळी, अशा क्रमाने जेवल्यास तेच अन्न खाऊनही जेवणानंतरची साखर कमी चढते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे याला पूरक ठरते, कारण चालणारे स्नायू रक्तातील साखर थेट उचलतात. रात्रीचे जेवण आठच्या आत आणि दुपारपेक्षा हलके असावे; संध्याकाळनंतर शरीराची साखर हाताळण्याची क्षमता उतरत जाते. दुकान बंद करून रात्री अकराला घरी पोचणाऱ्या व्यापाऱ्याला हे अशक्य वाटेल. त्याने सात वाजता दुकानातच डबा उघडावा आणि घरी गेल्यावर फक्त ताक किंवा दूध घ्यावे.

फळ चावून खावे. नागपुरात राहून संत्र्याची शिफारस करावी लागू नये, पण संत्रे आणि संत्र्याचा रस यांत फरक आहे: एका पेल्यात तीन-चार संत्री जातात, तंतू मागे राहतात आणि साखर मिनिटभरात पोटात उतरते. संत्रा बर्फी ही मिठाई आहे, फळ नव्हे.

तर्री, सावजी आणि खर्रा

तर्री पोहे सोडा असे सांगणारा सल्ला नागपुरात कुणी पाळत नाही, म्हणून तो देत नाही. पोहे हे पिष्ट, तर्री म्हणजे रश्श्यावर तरंगणारे तेल, आणि दोहोंमध्ये हरभरा ही खरी कामाची वस्तू. ठेल्यावर ‘चना जास्त, वरचं तेल नको, शेव नको’ असे सांगितले तर तो तसे देतो. घरी करताना पोह्यांचे प्रमाण निम्म्यावर आणून हरभऱ्याचा रस्सा दुप्पट करावा. ठेल्यावरच्या तळणीपासून, म्हणजे समोसा, आलूबोंडा यांपासून, दूर राहण्याचे आणखी एक कारण आहे: पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात घातक संयुगे साचतात. त्यांची कायदेशीर कमाल मर्यादा २५ टक्के आहे, पण रस्त्यावर ती कोण मोजतो?

सावजीच्या बाबतीत दोष नेहमी तिखटावर ढकलला जातो. तिखटाने पोटात आग पडेल, पण रक्तवाहिन्या त्याने बुजत नाहीत. हलबा कोष्टी समाजाच्या या पाककलेत खसखस, खोबरे आणि भरपूर मसाला असतो. हृदयाला जड जाते ते त्यातले तेल, मीठ, मटणाची चरबी आणि रस्सा संपेपर्यंत लागणाऱ्या रोट्यांची संख्या. महिन्यातून एखाद्या वेळी जावे, मटणाऐवजी कोंबडी घ्यावी, तर्री वाटीत मागे ठेवावी आणि रोटी आधीच मोजून मागवावी.

जेवणानंतरचा खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, हा आहारात मोडत नाही, पण नागपुरात त्याला वगळून हृदयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. तंबाखू चघळल्यानेही हृदयविकाराचा धोका वाढतो; निकोटीन ठोके आणि दाब दोन्ही चढवते. ताट कितीही सुधारले तरी खर्रा चालू असेल तर त्या सुधारणेचा मोठा भाग वाया जातो.

उपवास आणि औषधे

साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. बटाटा आणि तूप यांच्यासह तो उपवासाला साध्या जेवणापेक्षा जड करतो. त्याऐवजी राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, दही, काकडी आणि थोडी भगर असावी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता उपवास धरू नये. थरथर, घाम, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. ती ७० च्या खाली आढळल्यास, किंवा मोजायला यंत्र नसल्यास लक्षणे दिसताच, तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

हृदयात कृत्रिम झडप बसवलेले आणि वॉरफेरिन किंवा ॲसेनोकूमारॉल हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणारे रुग्ण पालेभाज्या खाऊ शकतात, परंतु त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे लागते, कारण त्यांतील ‘के’ जीवनसत्त्व औषधाचा परिणाम कमी करते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डाळी, संत्री आणि पालेभाज्या यांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. वर दिलेली यादी त्यांच्यासाठी नाही.

नवी यादी तीन महिने पाळल्यावर पुन्हा रक्त तपासावे. एचबीए१सी ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते, त्यामुळे त्याआधी ती करून उपयोग नसतो, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. ट्रायग्लिसराइड मात्र काही आठवड्यांतच हलतात. आकडे सुधारले म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये. जुना आणि नवा अहवाल, आठवडाभर घरी मोजलेला रक्तदाब आणि शक्य झाल्यास दोन्ही महिन्यांची किराण्याची बिले घेऊन डॉक्टरांकडे जावे. मात्रा कमी करायची की नाही, हे ठरवायला त्यांना एवढी माहिती लागते.